मास्तरांचे कच्चे टाके

शिवणकाकूंच्या पलंगावर एक गोधडी होती, आणि तिच्या पोटात काय भरलंय ते सव्वीस वर्षांत त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. अर्थात गोधडीच्या पोटात काय आहे असं विचारायला येतो कोण? वरून साधी राखी खोळ, कडेला निळी पट्टी, आणि टाके इतके लांब लांब की नवशिक्यानंही लाजावं. उभा जन्म शिलाईत गेलेल्या बाईच्या घरात असली वस्तू म्हणजे अब्रूचा प्रश्न. म्हणून पाहुण्याची नजर पलंगाकडे वळली की काकू आधीच सांगून मोकळ्या होत, "हे माझं काम नाही हं. मास्तरांचं आहे. डोळे अधू झाले होते तेव्हाचं."

मास्तर म्हणजे काकूंचे यजमान. तीन वर्षांपूर्वी ते गेले, ते ह्याच गोधडीखाली.

धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर पुढे दुकान आणि मागे घर. दुकानाच्या खिडकीतून नदी दिसायची आणि काठाला बांधलेल्या होड्या. आत दोन मशिनं, कापायचं एक लांब टेबल, भिंतीला फळी. कामाची वाटणी लग्नानंतर आठव्या दिवशी ठरली ती कधी बदलली नाही. कापायचं मास्तरांनी. कापलेले तुकडे कच्च्या टाक्यांनी एकमेकांना जोडायचे तेही मास्तरांनी. मग काकूंनी त्या कच्च्या दोऱ्याच्या कडेकडेनं मशिनीची पक्की टीप मारायची, आणि टीप झाली की दोऱ्याचं टोक धरून ओढायचं. मास्तर कच्च्या दोऱ्याला गाठ मारत नसत. बोटभर टोक मोकळं सोडत. एका ओढीत सगळा दोरा सर्रकन बाहेर येई, आणि तो आवाज काकूंना मनापासून आवडे. नवराबायकोत बोलणं तसं बेताचंच होतं. मास्तर शब्द तोलूनमापून वापरत, तेही गिऱ्हाइकासाठी. पण त्यांचा दोरा जिथे वळे तिथे काकूंचं मशीन वळे, आणि एवढ्या भांडवलावर एकोणपन्नास वर्षांचा संसार झाला.

वर्षातून एकदा नदीवर होड्यांचा मेळा भरे. त्या मेळ्याचे जुने दिवस काकूंना लख्ख आठवत. तेव्हा प्रत्येक होडीची स्वतःची पताका असे, आणि ती बाजारातून आणलेल्या कापडाची चालत नसे. घरातलं वापरलेलं कापड द्यायचं, असा धक्क्यावरचा रिवाज. मेळ्याच्या पंधरा दिवस आधी होडीवाल्यांच्या बायका बोचकी घेऊन दुकानात येत. कुणाची विरलेली चादर, कुणाच्या पोरीला तोकडा झालेला फ्रॉक, कुणाच्या गेलेल्या सासऱ्याचा शर्ट. बोचकं सोडताना हकिगत सांगायची आणि काकूंनी ती ऐकायची, हेही शिलाईतच धरलेलं. मेळ्याच्या दिवशी काठावरची माणसं बोट दाखवून म्हणत, तो बघ आजोबांचा शर्ट चालला. मेळा संपला की पताका परत दुकानात. धुवायच्या, सांधायच्या, फळीवर ठेवायच्या. फाटली तरच नवी.

आणि मास्तरांची पताका म्हणजे काही सरळ त्रिकोण नव्हता. खालची कड थोडी आत खाल्लेली, आणि काठीच्या बाजूला एक छोटी चुणी. त्या चुणीमुळे वारा कसाही फिरला तरी पताका काठीला गुंडाळली जात नसे. ती चुणी किती आणि कड किती आत, हे मास्तर नजरेनं ठरवत. कागदावर त्यांनी कधी काही काढलं नाही. काढायला सांगितलं तर म्हणत, "हात आहे ना."

मग प्लास्टिक आलं. आणलं कुणी, तर घरच्याच पोरानं. काकूंचा एकुलता एक मुलगा तेव्हा चोवीस वर्षांचा. त्याला शिलाईत रस नव्हता. त्यानं फुगे आणि सजावटीचं सामान विकायला सुरुवात केली होती. धक्क्यावर त्याला फुगेवाला म्हणत, आणि पन्नाशी गाठून टक्कल पडलं तरी ते नाव काही सुटलं नाही. त्या वर्षी त्यानं शहरातून चमकत्या पताकांची भेंडोळी आणली. लाल, सोनेरी, चंदेरी. धुवायला नको, सांधायला नको, झालं की द्या फेकून. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण हे नवं सव्वीस वर्षं टिकलं.

त्या वर्षी मेळ्याच्या आदल्या दिवशी मास्तरांनी सगळ्या पताका इस्त्री करून टेबलावर रचून ठेवल्या होत्या. चाळीसेक असतील. सकाळपासून ते खुर्चीवर दाराकडे तोंड करून बसले. होडीवाले रस्त्यानं ये-जा करत होते. कुणी हात हलवला, कुणी मान खाली घातली. आत कुणी आलं नाही. दिवस मावळताना मास्तर उठले, गठ्ठा उचलून फळीवर ठेवला, आणि हात धुवायला गेले.

पुढे थंडीत काकू पंधरा दिवस बहिणीकडे गेल्या. परत आल्या तर फळी रिकामी आणि पलंगावर गोधडी.

"पताका?" काकूंनी विचारलं.

"गोधडीत गेल्या," मास्तर म्हणाले.

काकूंनी टाके बघितले. करंगळी आरपार जाईल एवढे. "अहो, काय हे! तुमच्या हातचं काम वाटतं का? आणा इकडे, मी पक्के टाके घालते." त्यांनी सुईत दोरा ओवला, तर मास्तरांनी जागेवरून उठून त्यांच्या हातातली सुई काढून घेतली. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. "राहू दे," एवढंच म्हणाले. त्याच महिन्यात मास्तरांना जाड भिंगांचा चष्मा लागला होता, तेव्हा काकूंनी मनाशी समजूत घातली की बिचाऱ्याला दिसत नाही आणि कबूल करायची लाज वाटतेय.

पोरानं कधी विचारलंच, की आई, त्या जुन्या पताकांचं काय झालं, तर काकू म्हणत, "उंदरांनी खाल्ल्या." आपलेच दात, आपलेच ओठ. बापानं ज्या गोष्टीबद्दल पोराला चकार शब्द ऐकवला नाही, ती आईनं कशाला ऐकवायची? काकूंनी कधी ताकास तूर लागू दिली नाही.

आता ह्या वर्षी मेळ्याची चिटणीस नवी होती. शाळेत विज्ञान शिकवणारी तिशीची मुलगी, चालणं भरभर आणि बोलणं त्याहून भरभर. तिनं समितीकडून एकेक गोष्ट मान्य करून घेतली होती. पाणी प्यायला पेला ज्यानं त्यानं घरून आणायचा. धक्क्याजवळ आल्यावर यंत्राच्या होड्यांनी यंत्र बंद करून वल्ही मारायची. ह्यावर लोकांनी बरीच तोंडं वाकडी केली, पण ऐकलं. शेवटी ती पताकांवर आली आणि एके दिवशी सकाळी बुटांचं खोकं घेऊन दुकानात उभी राहिली.

फुगेवाला माल मोजत होता. तिनं खोकं त्याच्यासमोर टेबलावर ठेवून उघडलं. आत पक्ष्याचं घरटं होतं. काड्यांच्या जागी निम्म्याहून जास्त लाल-सोनेरी पट्ट्या विणलेल्या, आणि त्यातल्या एका पट्टीत अडकलेला, वाळून गेलेला काडीएवढा पाय.

"काठावरच्या गवतात मिळालं," ती म्हणाली. "अशी सात मिळाली. भांडायला नाही आले दादा, दाखवायला आले."

फुगेवाल्यानं बघितलं. माणूस वाईट नव्हता. त्याचा चेहरा उतरला, पण गोदामात छतापर्यंत लागलेल्या पेट्याही त्याला दिसत होत्या. "बाई, मी काय पाखरं मारायला धंदा काढला का? मागतात म्हणून आणतो. आता ऐन वेळी नको म्हणालात तर माझ्या पोटावर पाय येतो. आणि कापडाच्या पताका शिवणार कोण?"

चिटणीस काकूंकडे वळली. "काकू, पूर्वीच्या पताका काठीला गुंडाळायच्या नाहीत, असं सगळे जुने लोक सांगतात. एखादी आहे का हो? नमुन्यापुरती?"

काकूंनी मशिनीवरची धूळ पुसली. "नाही गं. उंदरांनी खाल्ल्या."

घरटं तिथेच ठेवून ती गेली. विसरली की मुद्दाम ठेवलं, कोण जाणे.

शाळेतल्या मुलींनी हौसेनं चाळीस पताका शिवल्या. सरळ त्रिकोण. काकूंनीही घरी बसून आठवून आठवून चार कापून बघितल्या. पण कात्री हा मास्तरांचा प्रांत, काकूंनी आयुष्यभर दुसऱ्यानं घातलेल्या दोऱ्यामागून मशीन चालवलेलं. रविवारी धक्क्यावर चाचणी झाली. वारा दोनदा फिरला आणि सगळ्या पताका, काकूंच्या चारही, ओल्या फडक्यासारख्या काठ्यांना गुंडाळून बसल्या. होडीवाल्यांना तेच हवं होतं. "तरी आम्ही सांगत होतो," म्हणाले. समितीच्या अध्यक्षांनी घसा खाकरून निकाल दिला: पुढच्या रविवारपर्यंत जमलं तर कापड, नाहीतर ह्या वर्षी राहू दे, प्लास्टिकच लावू. आणि एकदा राहिलं की ते कायमचं राहतं, हे चिटणीसला कळत होतं. ती काठीची पताका सोडवत बसली होती. तिचे डोळे भरले होते आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून ती फार वेळ सोडवत होती. काकूंना ते दिसलं.

चार दिवस काकूंनी मूग गिळले. सून म्हणाली, आई, जेवणात लक्ष नाही तुमचं. गोधडी उसवली तर मास्तरांची शेवटची वस्तू जाणार. तिच्यात अजून त्यांच्या छातीला लावायच्या तेलाचा वास होता. काकू रोज पांघरताना तो शोधायच्या आणि एखाद दिवशी सापडला नाही तर घाबरायच्या. त्यात आणखी भीती पोराची. पताका बाहेर निघाल्या की तो विचारणार, आणि मग बाप त्या दिवशी खुर्चीत कसा बसला होता ते सांगावं लागणार. ज्यानं ते लपवलं तो आता नाही, आणि त्याला विचारल्याशिवाय त्याचं गुपित फोडायचं कसं? पण त्या खोक्यातला पाय. तोही डोळ्यापुढून हलेना.

गुरुवारी दुपारी जेवणं झाल्यावर काकूंनी गोधडी उचलून दुकानात आणली आणि खिडकीजवळच्या टेबलावर पसरली. त्यांना सगळ्या पताका मिळतील अशी आशा नव्हतीच. गोधडीत घालताना कापड कापतात, सारखं करतात. मास्तरांनीही कापलं असेल. चुणीचा एखादा कोपरा सापडला तरी पुष्कळ. त्यांनी निळी पट्टी एका बाजूनं उसवली, चष्मा लावला, आणि टाका कापायला पातं जवळ नेलं.

पट्टीखाली दोऱ्याचं टोक होतं. गाठ नव्हती. बोटभर मोकळं सोडलेलं टोक.

काकूंनी पातं खाली ठेवलं. त्यांना वाटलं, आपण बघतोय ते खरं नाही. मग जन्माच्या सवयीनं त्यांनी ते टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. सर्रकन दोरा बाहेर आला, सगळी ओळ, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

तीन वर्षांत तो आवाज त्यांनी ऐकला नव्हता. त्यांनी पुढच्या ओळीचं टोक शोधलं. तिथेही गाठ नव्हती.

डोळे अधू नव्हते. मास्तरांनी गोधडी शिवलीच नव्हती, नुसती कच्च्या टाक्यांनी जोडून ठेवली होती. कच्चा टाका कशाला घालतात? पुढे काढायचा असतो म्हणून. ही गोष्ट साऱ्या जगात ज्या एका बाईनं ओळखायची, ती सव्वीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती की ह्यांना दिसत नाही. काकूंना आपली लाज वाटली आणि मास्तरांचा रागही आला. बोलायचं ना माणसानं.

पोरगा चहाला आला तेव्हा टेबलावर पताका होत्या. निघाल्या तेवढ्या सगळ्या अखंड. एकीलाही कात्री लागलेली नव्हती, आणि ऊन न लागल्यामुळे रंग जिथल्या तिथे.

"आई, गोधडी का फाडलीस?"

"फाडली नाही. उसवली."

त्यानं एक उचलली. पिवळ्या फुलांचा फ्रॉक होता तो कधीकाळी. "ह्या त्याच ना? तू तर म्हणालीस उंदरांनी..."

"खोटं बोलले."

मग काकूंनी सांगितलं. इस्त्री, खुर्ची, दार, रस्त्यानं गेलेली माणसं. सांगताना त्या पोराकडे बघत नव्हत्या, पताकेच्या चुणीवरून बोट फिरवत होत्या.

"मी कुठे होतो?" त्यानं विचारलं.

"धक्क्यावर. तुझा माल लावत होतास. एवढा खप पहिल्यांदाच झाला होता तुझा. संध्याकाळी मिठाई घेऊन आलास. ह्यांना गोड आवडायचं नाही, तरी त्या दिवशी ह्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली."

फुगेवाल्यानं हातातली पताका खाली ठेवली. "मला आठवतं ते," तो म्हणाला. "मला वाटलं बाबांना आनंद झाला."

"झालाच होता," काकू म्हणाल्या. "दोन्ही झालं होतं."

गोधडीच्या अर्ध्या ओळी अजून बाकी होत्या. काकूंनी पुढच्या ओळीचं टोक त्याच्या हातात दिलं. ओढ म्हणाल्या. त्यानं ओढलं. दोरा आला तसा तो दचकला, हातातल्या दोऱ्याकडे बघत राहिला, आणि मग शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. पन्नास वर्षांचा, टक्कल पडलेला माणूस. बाकीच्या सगळ्या ओळी त्यानंच ओढल्या आणि दोरा टाकून न देता बोटांवर गुंडाळत गेला. गोदामातल्या पेट्यांचं काय करायचं ते काकूंनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टेंपो आला आणि पेट्या कारखान्याकडे परत गेल्या, एवढं सुनेनं येऊन सांगितलं.

त्याच दुपारी चिटणीसनं जुनी पताका खाकी कागदावर ठेवून नमुना काढून घेतला. कड दीड बोट आत, चुणी दोन बोटं. ज्याला मास्तर हात म्हणायचे ते एवढंच होतं, आणि एवढं कुणाला जमलं नव्हतं. रविवारी त्या नमुन्यावरून शिवलेल्या पताका लावल्या. वारा तीनदा फिरला. पताका फिरल्या, गुंडाळल्या नाहीत. अध्यक्षांनी पुन्हा घसा खाकरला आणि निकाल दिला: कापड.

मेळ्याच्या आदल्या दिवशी काकूंनी जुन्या पताका इस्त्री करून टेबलावर रचल्या आणि दाराकडे तोंड करून बसल्या. मास्तरांच्याच खुर्चीत. पहिला आला तो पलीकडच्या काठाचा नावाडी, आता स्वतःच म्हातारा झालेला. त्यानं गठ्ठ्यातून आपली बरोबर ओळखली. जांभळ्या रेघांची. "आईची चादर," तो म्हणाला, आणि ती नाकाला लावून उभा राहिला. "काकू, त्या वर्षी मी ह्या दारावरून दोनदा गेलो होतो. आत यायचं धाडस झालं नाही."

"ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "ह्यांनी दोन्ही वेळा बघितलं होतं."

त्याच्यामागे रांग लागली होती. ज्यांच्या घरची माणसं उरली नव्हती त्यांच्या पताका शेजाऱ्यांनी नेल्या. दिवस मावळायच्या आत टेबल रिकामं झालं.

मेळा झाला. काठावरच्या म्हाताऱ्यांनी बोटं दाखवून नातवंडांना कुणाचा शर्ट, कुणाचा फ्रॉक ते सांगितलं, आणि निम्मं चुकीचं सांगितलं. पताका परत आल्या, काहींना चिखल लागलेला. काकूंनी धुतल्या, दोन सांधल्या, फळीवर ठेवल्या. फळी इतकी वर्षं रिकामीच होती.

पुढे थंडी पडली. काकू सुनेनं दिलेलं नवं ब्लँकेट पांघरत होत्या आणि ते अंगाला टोचतं म्हणून रोज कुरकुरत होत्या. एका दुपारी पोरगा दुकानात आला, फळीवरच्या पताका काढल्या, राखी खोळ टेबलावर अंथरली आणि तिच्यावर एकेक मांडायला लागला.

"आई, सुई दे."

"तुला कुठे येतंय?"

"दे तर."

तीस वर्षांत त्यानं सुई धरली नव्हती. बाबांचा गुंडाळून ठेवलेला दोरा त्यानं काढला, तीनदा सुईच्या नेढ्याशी चुकला, चौथ्यांदा ओवला. दोन ओळी झाल्यावर मान वर केली. "फार मोठे पडले का गं टाके?"

काकू उठून जवळ आल्या. एका टाक्याखाली त्यांनी करंगळी घातली. आरपार गेली. वाकडे, लांब, कुणी नाक मुरडावं असे टाके. काकूंनी त्यावरून हात फिरवला.

"असू दे," त्या म्हणाल्या.

त्यानं ओळ कडेपर्यंत नेली आणि दोरा वळवून गाठ मारायला घेतली. काकूंनी त्याचा हात धरला.

"गाठ नको मारू," त्या म्हणाल्या. "पुढच्या मेळ्याला लागतील."